फुकटच्या यंत्राची काटकसर

आमच्या घरात दिवे लावायची मुभा सगळ्यांना आहे. घालवण्याचं खातं मात्र लग्नापासून माझ्याकडे आहे. खोलीत कोणी उरलंय का, हे बघण्याआधीच माझा हात बटणाकडे गेलेला असतो. आत बायको सुईत दोरा ओवत बसलेली असते. मग अंधारातून शांत आवाज येतो, "अहो, मी आहे अजून." मी "हो का" म्हणतो आणि पुन्हा दिवा लावतो. यात काही चुकतंय असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत नव्हतं. मी याला वळण म्हणत असे, आणि हे वळण पुढच्या पिढीत उरलं नाही म्हणून चारचौघांत हळहळतही असे.

या वळणापायी मी गेल्या महिन्यात बायकोचं होत आलेलं काम जवळजवळ मातीत घातलं. ते सांगताना अजून माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. पण आमच्या इमारतीत ती हकीकत चार निरनिराळ्या प्रकारांनी फिरते आहे आणि चारही प्रकारांत मी खऱ्यापेक्षा हुशार दिसतो, म्हणून खरी सांगणं भाग आहे.

बायको भरतकाम करते. नुसतं करत नाही, शिकवते. आमच्या बाल्कनीत दुपारी तिच्या शिष्यिणी येतात, रिंगा मांडीवर घेऊन बसतात आणि मी सुट्टीच्या दिवशी चहा मागायला गेलो की सगळ्या एकदम गप्प होतात. शहरातल्या हस्तकला संस्थेतली शिक्षिकेची जागा रिकामी झाली, हे तिला तिथल्याच एका शिष्यिणीकडून कळलं. तिनं मला ते सांगितलं कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता. "मिळाली तर बरं होईल," एवढंच म्हणाली. आमची ही बाजारात भाजी आवडली तरी बोलून दाखवत नाही, भाव वाढेल म्हणून. तिच्या तोंडून "बरं होईल" निघालं म्हणजे ती कित्येक वर्षं याची वाट बघत असणार, एवढं माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं.

संस्थेच्या संचालिकांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंचा निरोप असा होता की, कामाचे मोठे, स्वच्छ फोटो नेटवर एका जागी ठेवा आणि त्या जागेचा पत्ता कळवा. रविवारी दुपारी निवड समिती बसेल, तेव्हा सगळे मिळून मोठ्या पडद्यावर बघू. फोनवरून पाठवलेल्या फोटोत टाके दिसत नाहीत, म्हणून ते चालणार नाहीत.

माझा मेव्हणा या धंद्यातलाच आहे. तो बहिणीला फोनवर म्हणाला, "ताई, फोटो पाठव, एका दुपारात करून देतो." फोन स्पीकरवर होता. मी पेपर खाली ठेवला.

"घरात मी असताना बाहेरून माणूस कशाला?" मी म्हणालो.

"बाहेरून म्हणजे? भाऊ आहे माझा," ती म्हणाली.

"त्याला त्याची कामं कमी आहेत का? मी करतो. हल्ली क्लाउडवर फुकट खातं मिळतं. आपलं स्वतःचं यंत्र घ्यायचं, कुठल्यातरी दूरच्या इमारतीत ते चालतं, आणि आपण घरी बसून त्यावर हवं ते मांडायचं. वर्षभर फुकट."

हे सगळं मी आदल्याच दिवशी कार्यालयात एका सहकाऱ्याकडून ऐकलं होतं. मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ कारकून आहे. ऐकलेली गोष्ट स्वतःची असल्यासारखी सांगणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. मेव्हणा पलीकडून म्हणाला, "भाऊजी, अडलं तर फोन करा." त्या 'अडलं तर'मुळे मी मनाशी ठरवलं की, जीव गेला तरी याला फोन करायचा नाही.

खातं उघडायला बसलो, तोच वरच्या मजल्यावरचे कलमकाका आले. हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कुठलाही कागद दिसला की तळटीपेपासून वाचायला घेतात, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं. आता त्यांच्या घरचेही तसंच म्हणतात. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि 'अटी मान्य आहेत' या चौकटीवर जाणारा माझा हात धरला.

"वाचल्याशिवाय मान्य? लोक वाचत नाहीत यावर तर आमची कंपनी उभी होती."

काकांनी अटी वाचायला घेतल्या. मोठ्यानं वाचल्या, मध्ये मध्ये "हं, इथे मेख आहे" असं म्हणत वाचल्या. बायकोनं चहा आणला, कप परत नेले. अटी संपत आल्या तेव्हा पडद्यावर सूचना आली की, बराच वेळ काही हालचाल न झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे, कृपया पहिल्यापासून सुरुवात करा. काका म्हणाले, "बघ, हे कलमात कुठेही नव्हतं."

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा पासवर्डनं अडवलं. त्यात मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. मी बायकोचं नाव घातलं तर पडद्यावर 'कमकुवत' असं आलं. ते तिनं नेमकं मागून जाताना वाचलं. मग मी यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी चित्रांतल्या शिड्या ओळखायच्या होत्या. एका चौकटीत शिडीचा नुसता पाय दिसत होता. पाय म्हणजे शिडी की नाही यावर माझा आणि काकांचा मतभेद झाला. त्यांच्या मतानं वागलो आणि माणूस म्हणून नापास झालो. माझ्या मतानं वागलो, तेव्हाही नापास झालो. शेवटी बायकोनं ओल्या हातानं, लांबूनच बोट दाखवत, चारही शिड्या सांगितल्या आणि आमच्या घरात निदान एक माणूस राहतं हे कंपनीला पटलं.

पुढची पायरी कार्डाची. फुकट आहे तर कार्ड कशाला, हा प्रश्न मलाही पडला, पण तिथे लिहिलं होतं की तुम्ही खरे आहात याची नुसती खात्री करायची आहे. मी नंबर भरला. लगेच फोन वाजला. बँकेतून बोलतोय असं म्हणणारी एक मंजुळ बाई विचारत होती की, आत्ता परदेशातून तुमच्या कार्डाची चौकशी झाली, ती तुम्हीच केली का? आता, असल्या फोनला काय उत्तर द्यायचं हे मी पेपरात इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. मी कडक आवाजात म्हणालो, "मी असलं काहीही केलेलं नाही. मला पुन्हा फोन करायचा नाही." काकांनी माझी पाठ थोपटली. बाई खरीच बँकेतली होती. तिनं माझं कार्ड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नोंद बघितली. "तुम्हीच नाही म्हणालात."

"मला वाटलं तुम्ही चोर आहात."

"आणि आता?"

"आता तसं वाटत नाही."

"मग तसं लिहून द्या," ती म्हणाली. आयुष्यभर लोकांकडून अर्ज लिहून घेणाऱ्या माणसानं बँकेच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, साखळीनं बांधलेल्या पेनानं, 'सदर व्यवहार मीच केला असून मी तो नाकारला, याबद्दल दिलगीर आहे' असं लिहून दिलं. मागे रांगेत आमच्याच कार्यालयाचा शिपाई उभा होता. त्यानं मला ओळख न दाखवण्याचा मोठेपणा केला.

कार्ड चालू झालं, खातं उघडलं. आता यंत्र कुठल्या देशात हवं ते विचारलं होतं. मी म्हणालो, जवळचं घ्यावं. काका म्हणाले, यंत्राला उष्णता बाधते, थंड हवेचा देश बघ. समुद्रकाठ नको, पूर येतो. भूकंपाचं मी चौकशी करून सांगतो. आम्ही नकाशा उघडून बसलो. घर घेतानासुद्धा मी एवढी चौकशी केली नव्हती, केली असती तर आमच्या न्हाणीघराची भिंत ओलसर निघाली नसती. अखेर जगाच्या एका टोकाचा, पार बर्फातला देश ठरला. बायको म्हणाली, "जिथून लवकर पोचेल तिथलं घ्यायचं ना?" आम्ही दोघांनी तिच्याकडे प्रेमानं बघून घेतलं.

त्यानंतर मी कार्यालयातून आल्यावर रोज बसलो. काळ्या पडद्यावर, नेटवर मिळालेल्या सूचना अक्षरन् अक्षर उतरवून घातल्या. यंत्राची किल्ली म्हणून एक अगम्य मजकुराची फाइल मिळाली आणि ती पुन्हा मिळणार नाही अशी ताकीदही मिळाली. मी ती कागदावर छापून कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली, कुलपात ठेवली. कितीदा तरी चुकलो, कितीदा पहिल्यापासून सुरू केलं, आणि एका संध्याकाळी आकड्यांचा एक पत्ता उघडल्यावर पडद्यावर मी लिहिलेली ओळ दिसली. फोटोही मीच काढले होते, बायको भावाकडे गेली होती तेव्हा. तेही चढले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तो पत्ता बाईंना कळवला, काकांना कळवला आणि मेव्हण्यालाही, 'अडलं नाही' एवढे दोन शब्द जोडून, कळवला.

"मला बघू द्या ना," बायको म्हणाली.

"रविवारी. समितीबरोबरच बघ. गंमत आहे."

"अहो, पण फोटो कुठले घेतलेत ते तरी—"

"माझ्यावर विश्वास नाही का?" हे मी अशा सुरात म्हणालो की पुढे बोलणं खुंटलं. आता आठवलं की तो सूर माझा मलाच सहन होत नाही.

तर यंत्र चालू होतं. यंत्राच्या नावापुढे एक हिरवा ठिपका दिसायचा. रात्रीच्या जेवणाला बसलो तरी माझ्या डोक्यातून तो ठिपका जाईना. तिकडे बर्फात, कुठल्यातरी मोठ्या इमारतीत, एक यंत्र माझ्यापायी घरघरत होतं आणि बघायला कोणी नव्हतं. बाई बघणार रविवारी. तोवर कशाला? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "फुकट आहे म्हणून उधळायचं, हा विचारच चुकीचा. फुकटाला मर्यादा असते." मी यंत्राच्या पानावर गेलो. तिथे 'थांबवा' असं बटण होतं. दाबलं. त्यावर काहीतरी मजकुराची चौकट आली, तिला 'हो' म्हटलं. आम्ही त्या कंपनीची सगळी कलमं मोठ्यानं वाचली होती, नेमकी ही चार ओळींची चौकट कोणी वाचली नाही. ठिपका विझला आणि मला शांत झोप लागली.

त्यानंतर रोजचा परिपाठच झाला. संध्याकाळी येऊन यंत्र चालू करायचं, ठिपका हिरवा झाला की समाधानानं बघायचं आणि बंद करायचं. पान उघडून बघावं असं एकदाही वाटलं नाही. दिवा लागतोय म्हटल्यावर खोलीत कोण आहे हे बघायची मला सवयच नाही.

रविवार आला. काकांकडे भिंतभर टीव्ही आहे, म्हणून तिथे जमायचं ठरलं. हे खरं तर माझंच ठरवणं. घरच्या लहान पडद्यावर चाललं असतं, पण मला प्रेक्षक हवे होते. काका-काकू, समोरचं जोडपं, बायकोच्या दोन शिष्यिणी असे सगळे आले. बायको ठेवणीतले कपडे घालून खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती आणि रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी घरूनच यंत्र चालू करून, ठिपका बघून आलो होतो. चार शब्द बोलून मी पत्ता टाकला.

पडद्यावर एक चकचकीत टक्कल उघडलं.

भिंतभर टक्कल होतं. खाली लिहिलं होतं की, निराश होऊ नका, पहिल्या महिन्यातच फरक जाणवेल. मग ते टक्कल हळूहळू केसांनी भरत गेलं आणि एक माणूस वळून आमच्याकडे बघून हसला. माझ्या डोक्यावरचे केस केव्हाच गेले आहेत. खोलीतल्या प्रत्येकानं आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग फार सभ्यपणे जमिनीकडे. समोरचे गृहस्थ म्हणाले, "यात वहिनींचं काम कुठे येतं?"

मी पुन्हा पत्ता टाकला. टक्कल पुन्हा आलं. एवढ्यात बायकोचा फोन वाजला. बाई होत्या. तिनं तो स्पीकरवर लावला.

"आम्ही सगळे बसलोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिलेला पत्ता उघडला. आम्हाला केसांचं तेल दिसतंय. काही चुकलंय का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मी "दोन मिनिटं" म्हणालो, गॅलरीत गेलो आणि मेव्हण्याला फोन लावला. जीव गेला नव्हता, पण जायच्या बेतात होता.

"भाऊजी," तो सगळं ऐकून म्हणाला, "तुम्ही ते यंत्र मध्ये बंद केलं होतं का?"

"रोज करत होतो."

"का?"

"कोणी बघत नव्हतं म्हणून."

पलीकडून तो म्हणाला, "यंत्र बंद केलं की पत्ता सुटतो. चालू केलं की नवा मिळतो. जुना दुसऱ्या कुणाला तरी गेला असणार. आणि भाऊजी, महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवलं असतं तरी ते फुकटच होतं. तुम्ही वाचवलंत ते त्या कंपनीचं वाचवलंत. आता यंत्राच्या पानावर जा, नवा पत्ता तिथेच आहे, तो बाईंना सांगा."

मी फोनवरच ते पान उघडून नवे आकडे बघितले आणि आत आलो. सगळ्यांदेखत, फोनच्या तोंडाशी वाकून, समितीला सांगावं लागलं की, आपण बघणार नव्हतात तोवर वीज वाया जाऊ नये म्हणून मी यंत्र बंद ठेवत होतो आणि त्यामुळे पत्ता बदलला. पलीकडून कोणीतरी पुरुष हसला. बाईंनी "सांगा नवा" म्हटलं. मी आकडे सांगितले, घाबरून दोन आकड्यांची अदलाबदल केली, पुन्हा सांगितले आणि आमच्या टीव्हीवरही टाकले. बर्फातल्या देशातून पान वरून खाली, पडदा सरकवल्यासारखं, हळूहळू उतरू लागलं.

पहिला फोटो आला. पांढरं कापड आणि मधोमध तपकिरी, टोकदार डाग. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "पान आहे का हो?" बायकोच्या शिष्यिणींपैकी एकीनं तोंडावर हात दाबला. ते इस्त्रीचं फडकं होतं. भरतकामावर घालून वरून इस्त्री फिरवतात ते. त्यावर आमच्या इस्त्रीचा जुना चटका होता, आणि मी त्याला पहिला क्रमांक दिला होता.

मग बाकीचे फोटो आले. मला ते छानच वाटत होते. काका "वा" म्हणाले. पण बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "अहो, या सगळ्या मागच्या बाजू आहेत."

भरलेल्या कापडाला उलट्या बाजूनं इस्त्री करतात, नाहीतर टाके दबतात. हे मला तिनं तेव्हा, त्या दोन वाक्यांत सांगितलं. टेबलावर इस्त्री करून ठेवलेली थप्पी होती, सगळी कापडं पालथी, वर फडकं. मी थप्पी वरून खाली, जशीच्या तशी, फोटो काढत गेलो होतो. एकही कापड उलटून बघितलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर ती हे करते आहे आणि मला सुलटी बाजू कुठली हे माहीत नव्हतं. खोलीत एवढी माणसं असताना मला एकटं एकटं वाटलं. तिची ती जागा गेली, आणि ती मी घालवली, बटण दाबून घालवावी तशी.

 मग बाईंचा आवाज आला. "ही मागची बाजू आहे ना?"

"हो," बायको म्हणाली.

"कुठे गाठ दिसत नाही. एक दोरा उगाच पलीकडे ओढलेला नाही. मी आज सकाळपासून पुष्कळ कामं बघितली. सगळे पुढची बाजू दाखवतात आणि मागे जाळं असतं. मागे वळवून दाखवा म्हटलं की सबबी सांगतात. तुम्ही पहिल्या आहात, ज्यांनी मागचीच पाठवली. शिकवायला मला असाच हात हवा." मग त्यांनी विचारलं, "फक्त मागच्या बाजू दाखवायची ही कल्पना कुणाची?"

बायकोनं तोंड उघडलं. त्याआधी माझं उघडलं होतं.

"माझी," मी म्हणालो.

हे कुठून आलं मला माहीत नाही. टकलापासून इथवर जे जे झालं होतं ते सगळं त्या एका शब्दानं भरून निघेल असं वाटलं असावं. आणि निघालंही. काकांनी टाळी वाजवली. समोरचे गृहस्थ म्हणाले, "काय दृष्टी आहे." बाई म्हणाल्या, "मग वर्ग सुरू होईल तेव्हा तुम्हीही या. मागची बाजू कशी बघावी यावर मुलींशी चार शब्द बोला." मी "जरूर" म्हणालो. तेही म्हणालो. बायको माझ्याकडे बघत होती. मग तिनं नजर वळवली आणि बाईंचे आभार मानले.

 घरी आल्यावर तिनं ठेवणीतले कपडे बदलले आणि ती स्वयंपाकाला लागली. मी तिच्या मागेमागे फिरलो.

"तुला जागा मिळाली," मी म्हणालो.

"हो."

"मग खूश का नाहीस?"

"खूश आहे की," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

"मी तसं म्हणायला नको होतं."

"मग मला कशाला सांगता? मला माहीतच आहे."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मला काही सुचेना. शिपाई पाण्याचा ग्लास ठेवून गेला, तो मी न पिताच परत पाठवला. घरी येईपर्यंत इमारतीत गोष्ट पसरली होती. जिन्यात दोघींनी माझं अभिनंदन केलं आणि एकीनं तिच्या मुलाच्या चित्रांवर माझं मत मागितलं. मी आत गेलो, बूटही न काढता बाईंना फोन लावला आणि बायको बाल्कनीतून ऐकते आहे हे माहीत असून मोठ्यानं बोललो. म्हणालो की, कल्पना वगैरे काही नव्हती. मला उलटं-सुलटं कळत नाही. थप्पी पडली होती तशी टिपली. फडकंसुद्धा टिपलं. काल खोटं बोललो, लाज वाटते. जागा हिच्या हाताची आहे, माझ्या बोलण्यामुळे तिला कमी लेखू नका.

 "अहो, फडकं बघितलं तेव्हाच कळलं होतं मला," बाई म्हणाल्या. "ज्याला मागची बाजू बघता येते, तो इस्त्रीच्या चटक्याला क्रमांक देत नाही. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं, म्हणून विचारलं. जागा त्यांचीच आहे. तुम्ही पहिल्या दिवशी सामान उचलायला या. चार शब्द नकोत."

मी फोन ठेवला. बाल्कनीत गेलो. शिष्यिणी केव्हाच घरी गेल्या होत्या. बायकोच्या मांडीवर रिंग होती, तिनं मान वर केली नाही. टोपलीत वरच एक भरलेलं कापड होतं. मी ते उचललं, एका बाजूनं बघितलं, उलटलं, पुन्हा बघितलं. दोन्हीकडे तीच फुलं, तीच पानं. खरंच कळेना.

"यातली सुलटी कुठली?" मी विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या कामाबद्दल मी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तो विचारून होईपर्यंत मला ते माहीत नव्हतं. तिला मात्र माहीत असावं, कारण तिचा हात सुईसकट जागच्या जागी थांबला.

तिनं माझ्या हातातल्या कापडाकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे. कार्यालयातल्या कार्बन पेपरचे डाग होते, दिवसभराचे. नव्या मुलीला पहिल्या दिवशी जे सांगते, त्याच आवाजात ती म्हणाली, "आधी ते खाली ठेवा. हात धुऊन या. मग बसा इथे."

मी आत गेलो आणि साबण लावून, नखांपासून मनगटापर्यंत, हात धुतले.